पाण्यात साठवलेली वीज

आषाढ-श्रावणातल्या सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याला जाणाऱ्यांची बहुतेक पावले भुशी धरणाच्या पायऱ्यांकडे वळतात. हे धरण मुळात रेल्वेचे; वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले. पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात भिजणाऱ्या पर्यटकांच्या हे ध्यानीमनीही नसते. त्याच परिसरात लोणावळा, वलवण आणि शिरवटा (स्थानिक उच्चारात शिरोता) असे आणखी तीन जलाशय आहेत. तेथे भज्यांच्या टपऱ्या कमी आणि गर्दीही कमी. पण मुंबईच्या उद्योगाचा शंभर वर्षांचा इतिहास या तीन तलावांच्या पाण्यावर लिहिला गेला, आणि आता विजेच्या व्यापाराचा एक नवा अध्याय याच ठिकाणी सुरू होऊ घातला आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्र शासन आणि टाटा पॉवर कंपनी यांच्यात एक सामंजस्य करार झाला. एकूण २,८०० मेगावॉट क्षमतेचे दोन ‘उदंचन जलविद्युत’ प्रकल्प, त्यांपैकी शिरवटा येथे १,८०० आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॉट. अंदाजे गुंतवणूक १३,००० कोटी रुपये. शिरवट्याचा तलाव मावळात आहे. भिवपुरीचे वीजघर रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात असले, तरी त्याला पाणी पुरवणारे ठोकळवाडी धरण मावळातच, आंदर मावळात आहे. घाटमाथ्यावरचे पाणी कोकणात सोडून वीज निर्माण करायची, हा खेळ मावळाला नवा नाही. नवे आहे ते हे, की सोडलेले पाणी पुन्हा वर चढवायचे. खाली सोडलेले पाणी वीज खर्चून वर नेण्यात कोणते शहाणपण, असा प्रश्न कोणत्याही हिशेबी माणसाला पडावा. त्याचे उत्तर विज्ञानापेक्षा बाजारात अधिक सापडते.

कोळशाच्या धुरातून पाण्याकडे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या कापड गिरण्या वाफेवर चालत. कोळसा दुरून आणावा लागे, तो महाग पडे, आणि धुराने शहर काळवंडे. सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिन्यांत कोसळणारा पाऊस साठवून, तो घाटावरून खाली सोडून वीज करावी ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग या मुंबईतील वास्तुविशारदाने पुढे आणली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि माथा ते पायथा हा उतार सुमारे पाचशे मीटरचा. निसर्गाने भांडवल पुरवले होते. प्रश्न पैशाच्या भांडवलाचा होता. जमशेटजी १९०४ मध्ये निवर्तले. पुढे लंडनच्या बाजारातून अपेक्षित अटींवर पैसा मिळेना, तेव्हा तो देशातच उभा करण्याचा निर्णय झाला. संस्थानिकांनी व व्यापाऱ्यांनी भागभांडवल दिले आणि १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात पायाभरणी झाली. फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईकडे वीज वाहू लागली. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे सुरू झाली.

आज खोपोली ७२, भिवपुरी ७५ आणि भिरा ३०० मेगावॉट अशी या केंद्रांची क्षमता आहे. कोणत्याही यंत्रसामग्रीच्या मालकाला हेवा वाटावा अशी गोष्ट म्हणजे, शतक उलटले तरी ही तिन्ही केंद्रे चालू आहेत. यंत्रे बदलली, नळ बदलले. धरणे आणि उतार तेच राहिले.

हजार लिटरची किंमत

पाण्यात किती वीज दडलेली असते, हे समजण्यास घराच्या गच्चीवरील टाकीचा दाखला पुरेसा आहे. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. हे पाणी पाचशे मीटर खाली सोडले, तर त्यातून जास्तीत जास्त १.३६ युनिट वीज मिळू शकते. नळातील घर्षण व यंत्रांतील तूट वजा जाता हाती साधारण सव्वा युनिट उरते. दीड टनाचा वातानुकूलक तासभर चालवला, की एवढी वीज संपते. लोणावळ्याच्या माथ्यावरून खोपोलीच्या पायथ्यापर्यंत टाकीभर पाणी कोसळते, तेव्हा कोठे एका खोलीत तासभर गारवा राहतो.

हाच हिशेब शिरवट्याला लावून पाहावा. उतार पाचशे मीटरचा धरला, तर १,८०० मेगावॉटचे केंद्र पूर्ण क्षमतेने तासभर चालण्यास सुमारे दीडशे कोटी लिटर पाणी लागेल. रोज सहा तास चालवायचे म्हटले, तर नऊशे कोटी लिटर. धरणांच्या भाषेत हा साठा टीएमसीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा होतो. एवढे पाणी रोज ताजे आणणे कोणत्याही तलावाला परवडणारे नाही. तेच पाणी पुन्हा वर नेले, तर मात्र एकदा केलेला साठा वर्षानुवर्षे पुरतो. बाष्पीभवन आणि झिरपा यांची भर घातली की झाले. व्यापारी ज्याला खेळते भांडवल म्हणतो, तेच काम येथे पाणी करते. रक्कम लहान असली, तरी ती वर्षातून तीनशे वेळा फिरते म्हणून उलाढाल मोठी होते.

घट धरून नफा

पण येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यायला हवा. खोपोलीचे जुने केंद्र शेतकऱ्यासारखे आहे: आकाशातून पडलेल्या पाण्यावर ते नवी वीज पिकवते. उदंचन केंद्र व्यापाऱ्यासारखे आहे. ते स्वतः काही पिकवत नाही. एका वेळी घेते, दुसऱ्या वेळी विकते, आणि मधल्या काळात माल सांभाळते. या मालाला घटही आहे. पाणी वर चढवण्यास शंभर युनिट खर्चले, तर ते खाली येताना पंचाहत्तर ते ऐंशी युनिट परत मिळतात. चाळीत ठेवलेला कांदा वजनात उतरतो, तशीच ही घट आहे. ती टाळता येत नाही, धरूनच चालावे लागते.

मग धंदा परवडतो कसा? दुपारी तीन रुपये दराने शंभर युनिट घेतले असे समजू. खर्च तीनशे रुपये. हाती पंचाहत्तर युनिट परत आले, तर खरेदीची खरी किंमत युनिटला चार रुपये पडली. भांडवलावरील व्याज, देखभाल, पगार यांचा बोजा त्यावर निराळा. सायंकाळी हीच वीज आठ किंवा नऊ रुपयांना गेली, तर व्यवहार फायद्याचा; साडेचारला गेली, तर आतबट्ट्याचा. म्हणजे सगळा खेळ दोन वेळांच्या दरांतील अंतराचा आहे. पूर्वी हे अंतर फारसे नव्हते. आता ते रुंदावत आहे, आणि त्यास कारण सूर्य.

भारताची सौरऊर्जा क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॉटच्या पुढे गेली. भर दुपारी एवढी वीज एकदम बाजारात येते, की वीज विनिमय बाजारातील दर कोसळतात. सूर्य मावळतो त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे आणि दूरचित्रवाणी सुरू होतात. दर चढतात आणि टंचाईच्या सायंकाळी युनिटला १० रुपये या ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हीच स्थिती आधी आली. दुपारी खोल पोट आणि सायंकाळी ताठ मान असा मागणीचा आलेख पाहून तेथील वीजतज्ज्ञांनी त्याला ‘बदक’ हे नाव दिले. त्या बदकाची पिले आता भारतातही दिसू लागली आहेत. सुगीत धान्य स्वस्त आणि चैत्र-वैशाखात महाग, हा जसा अडतबाजाराचा नियम, तसाच वीजबाजाराचाही होत आहे. फरक इतकाच, की येथे सुगी आणि टंचाई एकाच दिवसात येऊन जातात.

जगभरातील वखारी

पाणी वर चढवून वीज साठवण्याची युक्ती जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथे १९०९ मध्ये असे केंद्र सुरू झाले, म्हणजे लोणावळ्याच्या पायाभरणीच्याही दोन वर्षे आधी. वेल्समधील डिनॉर्विग येथे पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणींच्या डोंगरात कोरलेले केंद्र १९८४ पासून चालू आहे. ते काही सेकंदांत पूर्ण जोमाने वीज देऊ लागते. ब्रिटनमध्ये एखादा लोकप्रिय कार्यक्रम किंवा सामना संपला, की लक्षावधी घरांत एकाच वेळी चहाचे आधण ठेवले जाते. त्या क्षणाची विजेची मागणी भागवण्यास या केंद्राचा उपयोग होत आला आहे. चीनच्या हबेई प्रांतातील फेंगनिंगचे केंद्र तब्बल ३,६०० मेगावॉटचे असून २०२४ च्या अखेरीस त्याचे शेवटचे यंत्रही चालू झाले. महाराष्ट्रात भिरा येथील १५० मेगावॉटचे यंत्र आणि सह्याद्रीच्याच कुशीतील घाटघर येथील २५० मेगावॉटचे केंद्र ही याची उदाहरणे आहेत.

या धंद्याला आता एक तगडा स्पर्धकही आहे, तो म्हणजे बॅटरी. बॅटऱ्यांच्या किमती गेल्या काही वर्षांत झपाट्याने उतरल्या. त्या वर्ष-दोन वर्षांत बसवता येतात, डोंगर फोडावा लागत नाही. उलट उदंचन प्रकल्पास भुयारे, नळ आणि वीजघर यांसाठी कित्येक वर्षे लागतात. पण बॅटरी दहा-पंधरा वर्षांत थकते, आणि तिच्यातील कोशांसाठी भारत मुख्यतः चीनवर अवलंबून आहे. धरण शंभर वर्षे टिकते, याची साक्ष मावळातच उभी आहे. तेरा हजार कोटी रुपये डोंगरात गुंतवताना, प्रकल्प पुरा होईपर्यंत बॅटरी आणखी किती स्वस्त झालेली असेल, हा अंदाज बांधणे हीच या व्यवहारातील खरी जोखीम आहे.

पाणी कोणाचे?

मावळातील पाण्याचा विषय विजेपाशी संपत नाही. लोणावळा, ठोकळवाडी, मुळशी या तलावांत अडवलेले पाणी निसर्गतः पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात जाणारे आहे. धरणांनी ते वळवून पश्चिमेला, कोकणात सोडले. वर्षाला चाळीस टीएमसीहून अधिक पाणी अशा रीतीने दिशा बदलते. कृष्णा पाणीवाटप लवादानेही त्याची मर्यादा ठरवून दिली आहे. दुष्काळाच्या वर्षी सोलापूरकडील शेतकरी व लोकप्रतिनिधी विचारतात, की आमची नदी कोरडी असताना आमचे पाणी वीज करून समुद्राकडे का जावे? प्रश्न रास्त आहे. पण कोकणातील बाजूही तितकीच खरी आहे. भिवपुरीहून सुटणारे पाणी उल्हास नदीला मिळते आणि त्या नदीकाठची शहरे त्यावर तहान भागवतात. खोपोलीचे पाणी पाताळगंगेला जाते; तिच्या काठी कारखाने आणि वस्त्या उभ्या आहेत. भिऱ्याच्या पाण्यामुळे कुंडलिका नदी उन्हाळ्यातही वाहते, आणि कोलाडला रबरी होड्यांतून खळाळत्या पाण्यात उतरणारे पर्यटक सकाळी वीजघरातून पाणी सुटण्याची वाट पाहतात. शंभर वर्षांच्या वहिवाटीने पाण्याला नवे वारस लाभले आहेत.

उदंचन प्रकल्पाने या जुन्या वादाला नवे वळण मिळू शकते. सायंकाळच्या विजेसाठी आजवर वरचे पाणी कायमचे खाली सोडावे लागे. तेच पाणी खालीवर फिरवून भागत असेल, तर पश्चिमेला जाणाऱ्या पाण्यापैकी काही भाग पूर्वेकडे वळवणे हिशेबात बसते का, असे कोणीही विचारील. मात्र पाऊस पडून मिळणारी फुकटची वीज तेवढ्याने कमी होईल आणि उल्हासकाठच्या शहरांचे पाणीही कमी होईल, हेही त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूला मांडावे लागेल. जमा दाखवून खर्च लपवणारा हिशेब येथे कामाचा नाही.

आणखी एक नोंद या वहीत जुनीच आहे. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. त्यासाठी त्यांनी तुरुंगवास भोगला. जगातील धरणविरोधी लढ्यांच्या इतिहासात त्याचे स्थान अगदी आरंभीचे आहे. लढा हरला, भाताची खाचरे पाण्याखाली गेली, आणि मुंबईच्या गिरण्या व दिवे चालले. ते दिवे आवश्यक नव्हते असे आज कोणी म्हणणार नाही. पण त्यांची किंमत कोणी दिली, हे तेव्हाच्या ताळेबंदात लिहिले गेले नाही. उदंचन प्रकल्प जुन्या तलावांचा आधार घेतो, म्हणून त्यात नव्याने बुडणारी जमीन तुलनेने कमी असते. तरी भुयारे खणणे, डोंगरातील माती-दगड टाकणे, रस्ते, वनजमीन यांचा भार त्या दऱ्यांतील गावांवरच येतो. मावळात जमिनीचा प्रश्न हळवा आहे. ऑगस्ट २०११ मध्ये पवना जलवाहिनीच्या विरोधातील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तीन आंदोलकांचा जीव गेला आणि ती योजना वर्षानुवर्षे रखडली. मोबदला, रोजगार आणि स्थानिकांशी आधी केलेली बोलणी यांवर झालेला खर्च वाया जात नाही, हा त्या घटनेचा धडा कोणत्याही गुंतवणूकदाराने विसरण्यासारखा नाही.

दुकानाच्या बिलापर्यंत

हे सारे दूरच्या तलावांचे प्रकरण आहे असे समजण्याचे कारण नाही. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत बदल केले. त्यांनुसार दिवसाच्या सौर तासांत वीज दहा ते वीस टक्के स्वस्त आणि सर्वाधिक मागणीच्या तासांत दहा ते वीस टक्के महाग असावी, असे धोरण ठरले. दहा किलोवॉटहून अधिक मागणी असलेल्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी एप्रिल २०२४ आणि शेती वगळता इतरांसाठी एप्रिल २०२५ ही मुदत दिली गेली. राज्य वीज नियामक आयोगाचे आदेश आणि बसवलेला मीटर यांनुसार त्याचा तपशील ठरतो. तेव्हा महिन्याच्या बिलातील एकूण रक्कम पाहून ते फाइलला लावण्याऐवजी, कोणत्या तासांत किती युनिट जळले, हा तक्ता एकदा वाचण्याजोगा आहे.

ज्यांच्याकडे शीतगृह, बर्फाचा कारखाना, पिठाची किंवा मसाल्याची गिरणी आहे, त्यांच्या हाती स्वतःचे एक लहानसे उदंचन केंद्रच आहे. दुपारी स्वस्त विजेवर शीतगृह अधिक थंड करून ठेवले, तर सायंकाळी महागड्या तासांत यंत्र काही काळ विसावू शकते; तेथे विजेऐवजी गारवा साठतो. गिरणीचे काम सायंकाळऐवजी दुपारी उरकले, तर काहीही न साठवता तोच लाभ होतो. गच्चीवरची टाकी भरणारा पंपही रात्री आठऐवजी दुपारी एकला चालू शकतो. लाखो मीटरांच्या अशा लहान बदलांची बेरीज झाली, तर सायंकाळच्या बदकाची मान तेवढीच खाली येते, आणि डोंगर पोखरण्याची गरजही तेवढीच कमी होते.

पाणी साठवून पुढच्याची सोय करण्याची रीत या तालुक्यात फार जुनी आहे. मावळातील पाले येथील लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. अरिहंतांना वंदन करून त्याचा आरंभ होतो, आणि इंद्ररक्षित यांनी लेणे व पोढी करविल्याची नोंद त्यात आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. तेथून जवळच कार्ल्याचे भव्य चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्ण केल्याचा लेख आहे. कोकणातील बंदरांतून घाट चढून येणारा व्यापारी मार्ग याच परिसरातून जात असे. त्या टाक्यावर करविणाऱ्याचे नाव कोरले गेले; पाणी मात्र पुढे येणाऱ्या सर्वांसाठी राहिले. शिरवट्याच्या नव्या साठ्यातून सायंकाळची वीज कोणाला, कोणत्या दराने मिळणार, आणि ज्या दऱ्यांत तो उभा राहील तेथील घरांच्या वाट्याला काय येणार, हे करारांच्या कागदांवर ठरायचे आहे. ते कागद तयार होत असतानाच त्यांकडे लक्ष ठेवणे, हे ग्राहकाच्याही हिताचे आणि मावळाच्याही.